नाना नाना

‘नाना’ हे मराठीत बहुतेक वेळा पाळण्यातले नाव नसते, घरातले असते. काकांना, थोरल्या भावाला, क्वचित वडिलांनाही नाना म्हणतात. हिंदीत मात्र नाना म्हणजे आईचे वडील. संस्कृतातून आलेल्या ‘नाना’चा अर्थ निरनिराळे, अनेक. इतिहासात आणि कथानाटकांत वावरणाऱ्या नानांना हा शेवटचा अर्थच जास्त शोभतो.

घोटाळा सुरू होतो पेशवाईत. नानासाहेब पेशवे (१७२०–१७६१) आणि नाना फडणवीस (१७४२–१८००) या दोघांचेही खरे नाव बाळाजी. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत होती. पेशव्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ, फडणविसांचे बाळाजी महादेव. पण सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही, हाही दंडक. मग तेच नाव मिळालेल्या पोराला आईने हाक कशी मारायची? म्हणून नाना, दादा, भाऊ, आबा अशी टोपणनावे घरोघर रूढ झाली. ती मोजकीच असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तीच ती फिरत राहिली. पेशव्यांच्याच घरात रघुनाथराव ‘दादा’ आणि सदाशिवराव ‘भाऊ’ होते. कागदोपत्री मात्र गोंधळ नसे. बापाचे नाव जोडले की बाळाजी बाजीराव वेगळे आणि बाळाजी जनार्दन वेगळे. पानिपतावर गेलेले फडणवीस कसाबसा जीव वाचवून परतले. पेशव्यांनी मात्र त्या पराभवाची हाय खाल्ली आणि त्याच वर्षी पर्वतीवर देह ठेवला. पुण्यातली नाना पेठ अनेकांना पेशव्यांची वाटते, पण तिचे नाव फडणविसांवरून पडले आहे.

१८५७चे नानासाहेब हे तिसरे. मूळ नाव धोंडोपंत. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना कानपूरजवळच्या बिठूरला दत्तक घेतले. १८५१ साली बाजीराव वारला आणि त्याला मिळणारे सालिना आठ लाखांचे पेन्शन कंपनीने बंद केले. उठाव मोडल्यावर नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले, आणि तिथून पुढे त्यांच्या नावाचाच पाठलाग सुरू झाला. १८७४ साली ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी एक माणूस नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या हवाली केला. कानपूरला नेऊन ओळख पटवायला घेतली, तर तो भलताच निघाला.

प्रत्यक्षात न सापडलेला हा माणूस कादंबरीत मात्र सापडतो. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८८० साली वाफेच्या यांत्रिक हत्तीने ओढलेल्या गाडीतून हिंदुस्थानभर प्रवास करणाऱ्या इंग्रज मंडळींची गोष्ट लिहिली आणि तिचा खलनायक केला नानासाहेब. गंमत अशी, की त्याच साली फ्रान्समध्ये एमिल झोलांची ‘नाना’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिची नायिका पॅरिसची एक गणिका आहे. तिचा बिठूरशी काडीचाही संबंध नाही. फ्रेंचमध्ये अ‍ॅनाचे लाडके रूप ‘नाना’ होते, इतकेच.

फडणविसांच्या वाट्यालाही रंगभूमी आली. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) नाना विलासी, स्त्रीलंपट आणि कावेबाज आहे. त्यावर पुण्यात मोठे वादळ उठले. हे नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकर सांगत राहिले. ते खरेही आहे. सत्ता आपल्या सोयीसाठी माणूस कसा वापरते आणि मग कसा फेकून देते, हे दाखवायला त्यांना एक नाना हवा होता. तरीही रंगमंचावरचा तो नाना पाहिलेल्या प्रेक्षकाला मेणवलीचा वाडा बांधणारा, हिशेबात काटेकोर असलेला मुत्सद्दी डोळ्यांपुढे आणणे जड जाते, हेही नाकारता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे नाना शंकरशेट कागदोपत्री जगन्नाथ होते. नाना पाटेकरांचे नाव विश्वनाथ. सातारा भागात प्रतिसरकार उभारणारे क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–१९७६) मात्र वेगळे: नाना हेच त्यांचे नाव होते, नाना रामचंद्र पिसाळ. लोकांच्या तोंडी बदलले ते आडनाव.