डोंगरीच्या काठी दोन रात्री : गौताळा अरण्यातील वनस्पती-परिचय

द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आपण सर्वांनीच शेकडो वनस्पतींची नावे, पर्याय, रस-वीर्य-विपाक धडाधड सांगितले आहेत. पदवी हाती पडल्यानंतर मात्र त्याच वनस्पतींशी आपला संबंध चूर्णाच्या पुडीपुरता किंवा गोणीवर लावलेल्या चिठ्ठीपुरता उरतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे की, शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक औषधी नावाने व रूपाने ओळखतात. केवळ तेवढ्याने औषधीचे पूर्ण ज्ञान होत नाही, योजना जाणणारा तोच तत्त्वज्ञ, असे ते पुढे म्हणतात. आज आपली स्थिती नेमकी उलट आहे. योजना आपल्याला पाठ आहे, पण नाम-रूपासाठी आपण सर्वस्वी घाऊक बाजारावर विसंबून आहोत. हे अंतर थोडे तरी कमी व्हावे या हेतूने गेल्या कार्तिकात आम्ही अठरा जण, त्यात अकरा वैद्य व सात औषधी दुकानदार आणि फार्मसीचालक, पाटणादेवीच्या अरण्याला लागून डोंगरी नदीच्या काठी दोन रात्री तंबू ठोकून राहिलो.

स्थळाची निवड विचारपूर्वक केली होती. वनस्पती पाहायच्या म्हटल्या की आपली पावले महाबळेश्वर किंवा आंबोलीकडे वळतात. ती अरण्ये समृद्ध आहेत यात शंका नाही, परंतु मराठवाडा-खानदेशच्या वैद्याने नित्य वापरायची द्रव्ये बहुतांशी कोरड्या पानझडी रानातली आहेत. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 साली घोषित झाले. सातमाळा डोंगररांगेत, छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 260 चौरस किलोमीटर क्षेत्रावर ते पसरले आहे. शहरातून निघाले की कन्नड सुमारे 60 किलोमीटरवर लागते. पुढे घाट उतरून चाळीसगाव, आणि तेथून सुमारे 18 किलोमीटरवर पाटणे गाव. घाटाला नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे. 1825 पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा तोच हा औट्रम.

पाटणे हे नाव गणिताच्या इतिहासात अजरामर आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापला, त्यास निकुंभ राजांनी दान दिले, आणि त्याचा शिलालेख येथील देवळात आहे. शके 1128 मधील हा लेख विद्वानांसमोर आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भाऊ दाजी हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होते, आणि कुष्ठावर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग त्यांनी केले होते. सुश्रुतांचे तुवरक तैल ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना या योगायोगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तंबूच्या जागेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढे असे शिबिर योजणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथून पान-मूळही उचलता येत नाही. म्हणून मुक्काम हद्दीबाहेर, एका शेतकऱ्याच्या मालकीच्या पडीक रानात ठेवला, व दिवसाच्या फेरीसाठी रीतसर प्रवेश-परवाना घेतला. नदीचा सपाट वाळूचा काठ पाहून आमच्यातील तरुण मंडळींना तेथेच तंबू लावायचा मोह झाला. शेतमालकांनी त्यांना थांबविले आणि करंजाच्या खोडावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर अडकलेला वाळका पालापाचोळा दाखविला. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत कन्नड घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडली होती, आणि डोंगरी व तितूर या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले होते. कार्तिकात एवढा धोका नसतो हे खरे, तरी डोंगराच्या पायथ्याची नदी वर पडलेल्या पावसाने चढते, आपल्या डोक्यावरच्या नव्हे. तंबू काठापासून बरेच वर, मोहाच्या दोन झाडांच्या पलीकडे लागले. झाडाखाली लावू नयेत, हाही शेतमालकांचाच सल्ला.

पाण्याचा प्रश्न आम्ही अभ्यासाचाच विषय केला. शरदातील जल दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्रकिरणांनी निवलेले, ते हंसोदक, हे आपण सर्व जाणतो. सुश्रुतांनी गढूळ पाणी निवळण्याचे जे सात उपाय दिले आहेत, त्यांत निर्मळीचे बी पहिले. आमच्यातील एका फार्मसीचालकांनी सोबत निर्मळीच्या बिया आणल्या होत्या. मातीच्या मडक्याच्या आतल्या बाजूस बी उगाळून नदीचे पाणी त्यात ठेवले, तेव्हा गाळ ठळकपणे तळाशी बसला आणि सर्वांना समाधान वाटले. तथापि पिण्यासाठी तेच पाणी पुढे गॅसच्या शेगडीवर चांगले उकळूनच घेतले. निवळणे आणि निर्जंतुक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वरच्या अंगाला गुरे पाण्यात उतरतात हे डोळ्यांनी दिसत असताना ग्रंथाच्या नावाखाली कच्चे पाणी पिणे हा ग्रंथाचाच अवमान ठरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढावर थांबून एका ज्येष्ठ वैद्यांनी कल्पस्थानातील जांगल देशाचे वर्णन वाचून दाखविले, आणि नंतर आम्ही आजूबाजूला पाहिले. खदिर समोर होता. धव म्हणजे धावडा, त्याची पाने तांबूस होऊ लागलेली. शल्लकी म्हणजे सालई, सोलीव कागदासारख्या सालीची. तिंदुक वर्गातली टेंभुर्णी, बदरी, आमलकी हीही शंभर-दोनशे पावलांत सापडली. महाविद्यालयात हा परिच्छेद आम्हांला रटाळ यादी वाटत असे. रानात उभे राहिल्यावर ती यादी नसून प्रत्यक्ष चालत केलेली नोंद आहे हे लक्षात येते. खाली नदीकाठी मात्र अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर यांची दाटी होती आणि हवेतील ओलावा अंगाला जाणवत होता. एकाच डोंगराच्या माथ्यावर व पायथ्याशी देश बदलतो, मग त्या दोन ठिकाणच्या गुळवेलीचे वीर्य एकच कसे मानावे, असा प्रश्न निघाला व त्यावर दुपारपर्यंत वाद रंगला. वादाचा निकाल लागला नाही. प्रयोगशाळेत दोन्ही नमुने तपासून घेण्याचे दोघांनी अंगावर घेतले आहे.

सर्वाधिक वेळ गेला तो कुड्यावर, आणि तो सार्थकी लागला. कुटजारिष्ट व कुटजघन वटी ही आपल्या नित्य व्यवहारातील औषधे. त्यांसाठी लागणारी साल पांढऱ्या कुड्याची. बाजारात मात्र काळ्या कुड्याची साल तिच्यात सर्रास मिसळलेली येते. या रानात दोन्ही झाडे जवळजवळ उभी आहेत. दोन्हींना चीक आहे, दोन्हींची फुले पांढरी, त्यामुळे वरवर पाहणारा फसतो. फरक शेंगांत आहे. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने येतात, परंतु दोन्ही मोकळ्या, सडपातळ व लांब लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना जुळलेल्या असतात, सांडशीसारख्या दिसतात. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्याच्या फुलात नसतात. काळ्याच्या पानांत नीळ असते व ती पूर्वी रंगासाठी वापरली जाई. आणि शेवटची परीक्षा जिभेची. पांढऱ्याचे इंद्रजव इतके कडू की तोंड वेडेवाकडे होते. काळ्याच्या बियांना बाजारात ‘गोडे इंद्रजव’ म्हणतात ते उगीच नव्हे. चरकांनीही कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन प्रकार फळ, फूल व पानांवरून वर्णिलेले आहेत. दोन्ही एकाच कामाचे असे समजणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

एका फार्मसीचालकांनी शहरातील व्यापाऱ्याकडून नुकत्याच आलेल्या गोणीतील सालीचे तुकडे सोबत आणले होते. ते सर्वांनी चाखून पाहिले. दहा तुकड्यांपैकी सहा स्पष्ट कडू, चार जवळजवळ बेचव. ‘म्हणजे माझ्या अतिसाराच्या रुग्णाला मी चार आणे औषध देत होतो,’ असे एक वैद्य म्हणाले. कोणी हसले नाही. औषध नियमांतील परिशिष्ट ‘टी’ 2000 साली लागू झाल्यापासून कच्च्या मालाची ओळख तपासून नोंद ठेवणे उत्पादकावर बंधनकारक आहे. नोंदवही सर्वांकडे असते. तीत ‘कुटज त्वक्, योग्य’ असे लिहिण्यापूर्वी तुकडा जिभेवर ठेवायला मात्र अर्धा मिनिटही लागत नाही.

संध्याकाळी तळावर शेजारच्या वस्तीवरील एक वृद्ध शेळीपालक येऊन बसले. आम्ही सफेद मुसळीविषयी विचारले. ते म्हणाले, ‘दादा, आता कुठं मुसळी? पान वाळलं की जमिनीत कुठं हाय ते देवाला ठाऊक.’ येथे या व्यवहाराचे मर्म आहे. मुळे शिशिरात किंवा ग्रीष्मात, पाने गळून गेल्यावर घ्यावीत, असे शास्त्र सांगते. मुसळीचे पान पावसाळ्यात हिरवे असते, पावसानंतर वाळून नाहीसे होते, आणि मग कंद शोधणे कठीण. म्हणून खणणारा भाद्रपदातच खणतो. त्या वेळी कंद अपक्व असतो, सुकवल्यावर वजन घटते, आणि बी जमिनीवर पडण्यापूर्वीच झाड उपटले जाते. दसऱ्यापर्यंत माल हवा असा व्यापाऱ्याचा तगादा असतो, त्यामुळे खणणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत मुसळीच्या लागवडीची लाट आली, बियाण्याचे भाव गगनाला भिडले व मग कोसळले, आणि रानातल्या मुसळीवरचा भार काही हटला नाही. बाबांचा स्वतःचा उपाय साधा आहे. आपल्या बांधावरच्या मुसळीशेजारी ते भाद्रपदात एकेक दगड ठेवतात व पौषात दगड पाहून खणतात. चारातला एक कंद तसाच सोडतात. हे त्यांना कोणी शिकविलेले नाही.

रात्रीविषयी एवढेच की थंडी अपेक्षेपेक्षा अधिक होती, आणि शेकोटीऐवजी सर्वांनी घोंगड्यांवर भागविले. वाळक्या गवताच्या दिवसांत अरण्यालगत विस्तव नको, असे आमचे आधीच ठरले होते. बिबट्याचा वावर या भागात आहे. 2021 साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक नर वाघ शेकडो किलोमीटर चालून गौताळ्यात पोहोचला होता, त्यामुळे अंधारात एकट्याने नदीकडे जायचे नाही हा नियम कडक पाळला. सर्पदंशाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. अगदतंत्र आपण आदराने वाचतो, तरी नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचा दंश झाल्यास अवयव स्थिर ठेवून रुग्णाला विनाविलंब सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविषासाठी नेणे हेच वैद्याचे कर्तव्य. एक वाहन रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभे ठेवले होते. सुदैवाने त्याची गरज पडली नाही.

तिसऱ्या दिवशी पाटण्याहून डोंगर चढून पितळखोऱ्याची लेणी पाहिली. खोल दरी, मध्ये ओढा आणि दोन्ही अंगांना कडे. ही लेणी इसवी सनापूर्वीची, महाराष्ट्रातील अतिप्राचीन बौद्ध लेण्यांपैकी. येथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत वच्छीपुत्र मगिल नावाचा राजवैद्य आहे, आणि त्याचा मुलगा दत्तक व मुलगी दत्ता यांचीही दाने आहेत. चैत्यगृहातील एका स्तंभाचे दान प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेव नावाच्या गांधिकाच्या कुळाने दिले. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, गंध्याचा पूर्वज. वैद्य आणि द्रव्यविक्रेता या दोघांची नावे दोन सहस्र वर्षांपूर्वी एकाच दरीत कोरली गेली. मगिलाला लागणारी शल्लकी समोरच्या कड्यावर होती, आजही आहे. आमच्यातील फार्मसीचालक त्या लेखापुढे बराच वेळ उभे होते.

परतीच्या वाटेवर कन्नडला चहासाठी थांबलो असता तिघा फार्मसीचालकांनी आपसांत ठरविले ते असे. मुसळीची मागणी दसऱ्याऐवजी पौष अखेरीस नोंदवायची, आणि वाळलेल्या पक्व कंदाला भाद्रपदी कंदापेक्षा किलोमागे जादा भाव द्यायचा. कुड्याची साल शेंगेच्या नमुन्यासह आली तरच स्वीकारायची. जैवविविधता कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना काही बंधनांतून मोकळे केले असले, तरी उत्पादकांनी संकलनाचे ठिकाण व संकलकाचे नाव लिहून ठेवायचे. किती जादा भाव, यावर मात्र चहा दोनदा झाला तरी एकमत होईना. शेवटी तो आकडा बाबांना विचारून ठरवावा असे निघाले, आणि पौषात त्यांच्या बांधावर खणणी असेल तेव्हा तिघांनी पुन्हा पाटण्याला जायचे नक्की झाले.