डॉक्टरांचा वेळ नेमका कुठे जातो?

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या थकव्याचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर पडतंच: कॉम्प्युटरनं वाट लावली. आरोप अगदीच निराधार नाही. २००९ च्या ‘हायटेक’ कायद्यानंतर तिथल्या सरकारनं इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी रुग्णालयांना आणि डॉक्टरांना अब्जावधी डॉलर दिले आणि पुढच्या काही वर्षांत कागदी फाइल जवळपास हद्दपार झाली. २०१६ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’नं एक पाहणी छापली. तिच्यात निरीक्षकांनी ५७ डॉक्टरांच्या कामाची ४३० तास मिनिटामिनिटानं नोंद ठेवली होती. दवाखान्यातला २७ टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णांसाठी गेला आणि सुमारे ४९ टक्के संगणकावरच्या नोंदी नि टेबलावरच्या कामात. शिवाय घरी गेल्यावर रात्री आणखी तास-दोन तास. त्याला तिथे ‘पजामा टाइम’ असं नाव पडलंय.

म्हणजे दोषी सापडला? इथेच पहिला गैरसमज आहे. २०१८ मध्ये याच नियतकालिकात आलेल्या एका लेखात, एकच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या वेगवेगळ्या देशांतल्या दवाखान्यांची तुलना होती. अमेरिकी डॉक्टरांची टिपणं इतर देशांतल्या टिपणांपेक्षा सरासरी जवळपास चौपट लांब निघाली. यंत्र तेच असताना हा फरक आला कुठून? लेखकांचं बोट तिथल्या नियमांकडे आणि बिलांकडे होतं. विमा कंपनीनं पैसे द्यावेत, उद्या कुणी कोर्टात गेलं तर पुरावा असावा, म्हणून तिथे रुग्णाच्या कामाचं नसलेलंही लिहावं लागतं. (आपल्या ओपीडीतली दोन ओळींची चिठ्ठी हे अर्थात दुसरं टोक.) हा फुगवटा बोटांनी टाइपही होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विद्यापीठ रुग्णालयाची टिपणं २०१७ मध्ये तपासली गेली, तेव्हा हातानं टाइप केलेला मजकूर जेमतेम १८ टक्के भरला. ४६ टक्के जुन्या टिपणातून उचलून चिकटवलेला होता आणि उरलेला यंत्रानं आपोआप भरलेला. पुढच्या डॉक्टरानं त्यातून आजचं दुखणं शोधून काढायचं!

यंत्र निर्दोष आहे, असं मात्र नाही. वापरायला किती सोपं, याच्या १०० गुणांच्या प्रमाणित चाचणीत सुमारे ८७० अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या नोंद-प्रणालीला सरासरी ४६ च्या आत गुण दिले. याच मोजपट्टीवर गूगल सर्चला ९३ मिळालेले आहेत आणि सगळे ज्याला शिव्या घालतात त्या एक्सेललाही ५७.

‘मग नवी प्रणाली आणा’ हा सल्ला ओघानंच येतो, आणि तोही बराचसा चुकीचा आहे. हवाई बेटांवरच्या ‘हवाई पॅसिफिक हेल्थ’ या संस्थेनं २०१७ मध्ये काही विकत घेतलं नाही. कर्मचाऱ्यांना एवढंच विचारलं की नोंदींमधलं काय तुम्हाला निव्वळ मूर्खपणाचं वाटतं, ते कळवा. मोहिमेचं नावही सरळ ‘मूर्खपणा हटवा’ अशाच अर्थाचं होतं. तक्रारी आल्या त्या वाचण्यासारख्या आहेत. बाळाचा लंगोट बदलल्याची नोंद करायला तीन क्लिक लागतात, एकात भागवा, असं एका परिचारिकेनं कळवलं. दर तासाला रुग्णाकडे फेरी मारल्याची खूण करण्याचा नियम होता. ती खूण करायला सुमारे २४ सेकंद लागत. बिनमहत्त्वाचा वाटणारा हा एक रकाना काढला आणि चार रुग्णालयांत मिळून महिन्याला परिचारिकांचे सुमारे १,७०० तास मोकळे झाले. मला तरी या विषयावरचं हे सर्वांत उपयोगी संशोधन वाटतं, आणि त्याची जाहिरात कुणी करणार नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

विकण्यासारखं आहे ते एआय. डॉक्टर-रुग्ण संभाषण ऐकून टिपण तयार करणारी आणि रुग्णांच्या संदेशांना उत्तरं सुचवणारी साधनं सध्या जोरात आहेत. त्यांच्याबद्दलचा समज असा की वेळ वाचतो, म्हणून थकवा उतरतो. अभ्यास वेगळंच सांगतात. रुग्णांच्या संदेशांना एआयनं उत्तराचा मसुदा तयार करून द्यावा, हा प्रयोग सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. डॉक्टरांचा वाचनाचा वेळ सुमारे २२ टक्के वाढला, उत्तरं १८ टक्के लांबली आणि उत्तर लिहिण्याचा वेळ तसाच राहिला. स्टॅनफर्डमधल्या अशाच प्रयोगातही वेळ वाचला नाही, पण कामाचं ओझं आणि थकवा कमी झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं.

संभाषण ऐकणाऱ्या साधनांचंही असंच. २०२५ च्या एका अभ्यासात सहा आरोग्यसंस्थांमधल्या २६३ जणांपैकी थकून गेलेल्यांचं प्रमाण महिन्याभरात ५१.९ वरून ३८.८ टक्क्यांवर आलं. पण तुलनेसाठी साधन न दिलेला गट तिथे नव्हता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं २३८ डॉक्टरांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, तेव्हा एका साधनानं टिपणाचा वेळ साडेनऊ टक्के कमी केला आणि दुसऱ्यानं नाव घेण्यासारखा फरक पाडला नाही. मिनिटं फारशी वाचत नसताना हलकं का वाटतं? रुग्ण बोलत असताना ते सगळं डोक्यात धरून ठेवण्याची आणि एकीकडे टाइप करत राहण्याची कसरत सुटते, हे त्याचं कारण असावं, असं मला वाटतं. व्यवस्थापनानं ‘वेळ वाचला’ म्हणून दोन रुग्ण वाढवले, तर हा दिलासा तिथेच संपेल.

‘यंत्र ऐकतं तेच लिहितं’ हाही भ्रम. ‘व्हिस्पर’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या, आवाजाचा मजकूर करणाऱ्या प्रणालीची २०२४ मध्ये तपासणी झाली. सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रित तुकड्यांत कुणीही न बोललेली वाक्यं घुसलेली होती आणि त्यांतली ३८ टक्के अपायकारक स्वरूपाची. बोलण्यात मोठे थांबे असले की ही भर वाढते. पक्षाघातानंतर वाचेवर परिणाम झालेले रुग्ण असेच थांबत थांबत बोलतात, आणि त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य खोडायला ते स्वतः सहसा पुढे येऊ शकत नाहीत. टिपणाखाली सही डॉक्टरांची असते, तेव्हा ते ओळ न् ओळ वाचण्याचं काम त्यांच्याकडेच राहतं.