उंचीची खूण

मुलांनो, आपल्या पुण्यातील पेशवे पार्कमध्ये १९५६ साली 'फुलराणी' ही छोटी आगगाडी सुरू झाली. ती संथ धावे. त्यामुळे अगदी लहान मूलही आईवडिलांच्या शेजारी बसून तिची मजा घेई.

वेगवान गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या वाटेवर खोपोलीजवळ २०१३ साली 'इमॅजिका' हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. तेथील 'नायट्रो' ही रोलर कोस्टर गाडी सुमारे ४० मीटर उंच चढते, वेगाने खाली येते आणि बसणाऱ्यांना उलटेही करते. अशा गाडीत बसण्यापूर्वी मुलांची उंची पाहतात. ती ठरलेल्या खुणेपेक्षा कमी भरली, तर आत सोडत नाहीत.

असे का? गाडी एकाएकी वळते, तेव्हा जडत्वामुळे आपले शरीर सरळ पुढेच जाऊ पाहते. खांद्यांवरून येणारी पकड त्याला जागेवर धरून ठेवते. लहान शरीराभोवती ही पकड सैल राहते आणि मूल निसटू शकते. अशा वेळी वडिलांच्या हाताची ताकदही पुरत नाही.

मग वय का विचारत नाहीत? तुमच्याच वर्गात पाहा. दोघांचे वय सारखे असले, तरी बांधा वेगळा असतो. शिवाय उंची तिथल्या तिथे मोजता येते.

काही पालक मुलाला टाचा उंच करायला सांगतात. काही जण 'मी आहे ना बरोबर!' असे म्हणून कर्मचाऱ्याशी हुज्जत घालतात. अशाने मूल खूश होते, पण पकड काही घट्ट होत नाही.

म्हणून अम्मी किंवा अब्बा त्या खुणेपाशी 'नाही' म्हणाले, तर रुसू नका. थोडे थांबा. तुमची उंची वाढणारच आहे!