काच वाकते तेव्हा

उन्हात घातलेले उडदाचे पापड आठवतात ना? वरची बाजू आधी सुकते, आक्रसते आणि कडा वर वळतात. लेसरसाठी आरसे बनवणाऱ्या आम्हां इंजिनिअर मंडळींपुढे नेमकी हीच अडचण असते, फक्त मोजमाप नॅनोमीटरमध्ये!

असा आरसा म्हणजे अचूक पॉलिश केलेल्या काचेवर निर्वात पेटीत चढवलेले सिलिका आणि टॅन्टालम ऑक्साइडचे डझनावारी थर. सगळे मिळून जाडी जेमतेम 5 मायक्रोमीटर. पण या थरांत ताण असतो. थर आक्रसू पाहत असेल तर काच वाटीसारखी खोलगट होते; पसरू पाहत असेल तर फुगीर.

थोडा हिशोब करू. 50 मि.मी. व्यासाची, 6 मि.मी. जाडीची फ्यूज्ड सिलिकाची चकती घ्या. थरातला ताण 300 मेगापास्कल धरला, तर मध्य आणि कडा यांच्या पातळीत सुमारे 900 नॅनोमीटरचा फरक पडतो. आणि पॉलिश करणाऱ्याने जिवाचं रान करून सपाटी राखलेली असते साधारण 60 नॅनोमीटरच्या आत! म्हणजे त्याची सगळी मेहनत पाण्यात.

मग उपाय काय? स्टोनी या शास्त्रज्ञाने 1909 साली मांडलेल्या सूत्रावरून कळतं, की काचेची जाडी दुप्पट केली तर बाक पावपट होतो. पण जाड काच वजनदार आणि महाग. दुसरा उपाय भट्टीत तापवून ताण उतरवण्याचा. मात्र तापमान बेताबाहेर गेलं तर थरांना तडे जातात. तिसरा उपाय पापड उलटण्याचा. मागच्या बाजूलाही तेवढ्याच ताणाचा थर द्यायचा. ताण नाहीसा होत नाही, पण दोन्हीकडचा जोर सारखा झाला की काच सपाट राहते.

अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेचे मुख्य आरसे 34 सें.मी. व्यासाचे, 20 सें.मी. जाड आणि 40 किलो वजनाचे आहेत. त्यांवरही सिलिका-टॅन्टालमचेच थर आहेत. अशाच वेधशाळेला आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ 2023 साली केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे, तेव्हा हा विषय आता घरचाच म्हणायचा!

मुलांना हे सहज दाखवता येईल. जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या एका बाजूला पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन सुकू द्या. कार्ड वाकेल. मग मागच्या बाजूलाही तेवढाच थर द्या. सुकल्यावर ते बरंचसं सरळ होईल. "असं का झालं?" हा प्रश्न मात्र त्यांनाच विचारू द्या.