आपला गडी राखावा की सोडावा?

पाडवा नुकताच होऊन गेला. आपल्या बीड जिल्ह्यात पाडवा म्हणजे केवळ गुढी आणि कडुनिंब नव्हे. पाडव्याला साल संपते. वर्षभर राबलेला सालगडी मालकाच्या ओसरीवर येऊन बसतो. मालक वही काढतो. उचल किती गेली, धान्य किती दिले, खाडे किती पडले, याचा मेळ बसतो. आणि मग खरा प्रश्न पुढे येतो : यंदा पुन्हा साल धरायचे, की नाही? ट्रॅक्टर आल्यापासून ही चाल कमी झाली आहे. पण तो प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी घरात ऐकलेला आहे. मालक मनात म्हणतो, गडी चांगला आहे, पण मागतो फार. गडी मनात म्हणतो, मालक वाईट नाही, पण शेजारचा दोन पोती जास्त देतो आहे.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो खेळाचा आहे, पण त्याचे मूळ या ओसरीवरच्या प्रश्नात आहे. साल संपलेला खेळाडू संघाने पुन्हा करारबद्ध करावा की जाऊ द्यावा, हा प्रश्न युरोपातल्या फुटबॉल संघांपुढे दर उन्हाळ्यात उभा राहतो. आपल्याकडे तो आला कबड्डीच्या वाटेने. आणि कबड्डीत आपण खेळाडूला गडीच म्हणतो, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

प्रो कबड्डीची स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. त्या वर्षी सर्वांत महाग गडी होता राकेशकुमार. त्याला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजारांना घेतले. पुढे चारच वर्षांत, २०१८ साली, बोली एक कोटीच्या वर गेली. व्यवस्था थोडक्यात अशी आहे. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा घालून दिलेली असते. २०२३ आणि २०२४ च्या लिलावांत ती ५ कोटींची होती. तेवढ्यात निदान अठरा गडी बसवायचे. हंगाम संपला की नियमाने ठरलेल्या संख्येपर्यंत जुने गडी राखता येतात. बाकीचे लिलावात जातात. म्हणजे एका गड्यावर किती खर्च करायचा हे ठरवताना संघ इतरांचेही भवितव्य ठरवत असतो.

आता आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूई या इराणी बचावपटूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. ५ कोटींतले २ कोटी ३५ लाख! उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरीने साडेपंधरा लाख आले. परंतु पलटणचे गणित चुकले नाही. शादलूईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले, सर्व बचावपटूंत सर्वाधिक. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले अजिंक्यपद पटकावले.

मग आला हिशेबाचा दिवस. पलटणने कर्णधार अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत असे आपले जुने, एकत्र वाढलेले गडी राखले आणि शादलूईला सोडले. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात त्याला २ कोटी ७ लाखांना कोणी घेतले? ज्यांना पलटणने अंतिम सामन्यात हरवले होते, त्याच हरियाणाने! पुढे काय झाले ते कबड्डीच्या रसिकांना ठाऊक आहे. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. आणि हा सामना झाला कोठे, तर पुण्यातच, बालेवाडीला. पलटण त्या वर्षी बाद फेरीतही नव्हती. सोडून दिलेला गडी आपल्याच अंगणात येऊन दुसऱ्याची गुढी उभारून गेला, असे पुणेकरांना वाटले असल्यास नवल नाही.

या ठिकाणी आपण घाईने न्याय देतो. ‘सोडायलाच नको होता!’ पण घटकाभर थांबा. त्या हंगामात पलटणचा कर्णधार अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर बसला, ही गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. शिवाय गोष्ट एका सालाने संपत नाही. २०२५ च्या लिलावात हरियाणानेही शादलूईला राखले नाही. तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, आणि गुजरातचा संघ त्या हंगामात पहिल्या आठांतही आला नाही. इकडे पुणेरी पलटण त्याच राखलेल्या गड्यांच्या बळावर, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लमच्या नेतृत्वाखाली, पुन्हा अंतिम सामन्यात पोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीने तिला ३१-२८ असे हरवले खरे. पण मोडलेला संघ असे तीन गुणांच्या अंतरापर्यंत पोचत नाही.

तेव्हा पलटणचा निर्णय बरोबर होता की चूक? २०२४ पुरता महाग पडला, आणि दोन सालांच्या हिशेबात समजण्यासारखा होता, असे मी म्हणेन. एका वर्षाच्या निकालावरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, एवढे तरी यातून निश्चित कळते.

याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. कबड्डीत सात गडी मैदानात असतात. डाव्या कोपऱ्यातला गडी चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर झेपावतो, त्याच क्षणी शेजारच्याने छातीवर येऊन त्याची परतीची वाट अडवली पाहिजे. अर्धा क्षण उशीर झाला तर पकडणारा आणि साथीदार दोघेही बाद. हा मेळ पैशाने मिळत नाही, सरावाने मिळतो. बैलजोडी विकत घेता येते, पण ती एका चालीने चालायला एक हंगाम जावा लागतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून मोठा गडी आणताना किंवा सोडताना केवळ त्याचे गुण मोजून भागत नाही. त्याच्या शेजारच्याचे गुण त्याच्यामुळे किती वाढतात, हेही मोजावे लागते.

दुसरी गोष्ट किमतीची. लिलावात जो भाव पुकारला जातो तो बहुधा मागच्या सालाच्या पराक्रमाचा असतो. काम मात्र पुढच्या सालात करून घ्यायचे असते. पवन सेहरावतचा दाखला पाहा. २०२२ साली तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामभर बाहेर बसला. विलक्षण हे की, त्याच्यावाचून तो संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. २०२३ साली तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तो तोवरचा उच्चांक होता, आणि त्यांचा संघ तळाशी राहिला. २०२४ ला त्यांनीच त्याला १ कोटी साडेबहात्तर लाखांना पुन्हा घेतले. तरी बाद फेरी हुकली. २०२५ साली त्यांनी त्याला सोडले, त्याचा भाव साडेएकोणसाठ लाखांवर आला, आणि तेलुगूचा संघ त्याच्याविना बाद फेरीत पोचला. यावरून पवन वाईट खेळाडू ठरत नाही. तो भारताचा कर्णधार झालेला गडी आहे. ठरते एवढेच, की एका माणसाच्या खांद्यावर निम्मे घर ठेवले तर खांदा आणि घर दोघांनाही धोका असतो.

येथवर आपण मालकाच्या बाजूने बोललो. आता वही उलटी फिरवू आणि गड्याच्या बाजूने पाहू. राखावा की सोडावा हे संघ विचारतो. पण राहावे की जावे, हे गड्याला विचारले जाते काय?

फुटबॉलच्या इतिहासात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असा नियम होता की, करार संपला तरी जुन्या संघाने मोकळीक दिल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूचा न्यूकॅसलच्या संघाशी असलेला करार १९६० साली संपला. त्याने नवा करार करण्याचे नाकारले, संघाने त्याला सोडण्याचे नाकारले. त्याने खेळ बाजूला ठेवून काही महिने दुसरी नोकरी धरली. पुढे संघाने त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले, पण खटला त्याने मागे घेतला नाही. आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की, माणसाच्या पोट भरण्याच्या धंद्यावर असा अडसर घालणे गैर आहे. तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याची चाल युरोपात राहिलीच. ती मोडली बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानने. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी ठरवले की, करार संपला की युरोपीय संघराज्यातला खेळाडू तेथील दुसऱ्या देशात जायला मोकळा. जुन्या संघाला त्याबद्दल पैसे मागता येणार नाहीत.

बीडच्या श्रोत्यांना या निकालांचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातून दर दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसे कोणत्या बंधनाने जातात? मुकादमाची उचल घेतलेली असते. हंगामात ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते, आणि पुढच्या सालीही त्याच मुकादमाकडे जावे लागते. करार संपतो, पण माणूस सुटत नाही. ईस्टहॅमचे दुखणे आणि आपल्या कोयत्याचे दुखणे यांत सुखवस्तूपणाचे अंतर जमीन-अस्मानाचे आहे. गाठ मात्र एकच आहे. कबड्डीच्या लिलावातही कोटीची बोली होते ती डोळे दिपवते. पण आपण कोणाकडून खेळायचे हे गड्याला निवडता येत नाही, जास्त बोलेल त्याच्याकडे जावे लागते, हे त्या झगमगाटात दिसत नाही.

आणि तिसरा एक धनी आहे, ज्याचे नाव कोणत्याच वहीत नसते. तो म्हणजे गड्याचे गाव. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीचे रौप्यपदक घेऊन आला. आपल्या बीडचा सचिन धस २०२४ च्या युवा विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून गेला. यांना बीडने धरून ठेवायला हवे होते, असे कोणी म्हणेल काय? येथे धरून ठेवले असते तर ते येथेच राहिले असते. एवढेच झाले असते. मोकळे सोडणे हेच कित्येकदा गावाचे सर्वांत मोठे देणे असते.

पण देण्याची आठवण राहावी. जागतिक फुटबॉल संघटनेने एक चांगला नियम केला आहे : करार चालू असता खेळाडू पैसे घेऊन दुसऱ्या देशात दिला गेला, तर त्या रकमेचे शेकडा ५ त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या संघांनी त्याला घडवले त्यांना वाटून द्यावे लागतात. कोटींच्या बोलीतला असा काही अंश गड्याला घडवणाऱ्या तालुक्याच्या मंडळापर्यंत आला, तर पावसात न भिजणारे एक मैदान, एक मॅट, एक शिक्षक यांची सोय होईल. माझ्या मते आपल्याकडे मागण्यासारखी गोष्ट ही आहे. गडी अडवून धरणे ही नव्हे.

म्हणून ओसरीवरच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. गडी राखायचा तर पुढच्या सालाच्या कामासाठी राखावा. मागच्या सालाच्या कौतुकाचे ऋण बक्षिसाने फेडावे, कराराने नव्हे. एकट्याचा भाव पाहू नये, साऱ्या जोडणीचा पाहावा. सोडायचा तर वेळेवर, हिशेब चुकता करून सोडावा, म्हणजे त्याला दुसरे साल धरता येईल. आणि तो उद्या आपल्याविरुद्ध जिंकला तर टाळी वाजवण्याची तयारी ठेवावी. जाण्याची मोकळीक असूनही जो राहतो, तोच खरा आपला गडी. उचलीने बांधलेला माणूस मैदानात उभा राहील. पण शेवटच्या चढाईला तो जीव लावील की नाही, हे कोणत्याही वहीत लिहून घेता येत नाही.