जुन्या पडद्यावरचे खेळ

पाठीला मोठे कुबड असलेला, दोघांनी मिळून उचलावा लागणारा जुना टीव्ही तुमच्यापैकी पुष्कळांनी आजोळच्या माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर पाहिला असेल. चपटे पडदे आले आणि त्याला घरात जागा उरली नाही. तथापि असे काही हौशी लोक आहेत, की जे हा संच मुद्दाम शोधून आणतात, त्यावरची धूळ झटकतात आणि त्याचे खेळण्याचे यंत्र बनवितात. त्यासाठी संच उघडून तारांची उलथापालथ करावी लागत असेल, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तसे काहीच करावे लागत नाही. संचाला एक दार मुळातच असते. ते म्हणजे त्याच्या पाठीमागची, अँटेनाची तार जोडण्याची जागा.

या दारातून खेळ आत सोडावा, हे प्रथम ज्यांनी करून दाखविले, त्यांचे नाव राल्फ बेअर. त्यांचा जन्म १९२२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणी, केवळ ज्यू म्हणून, त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. १९३८ साली त्यांच्या कुटुंबाने अमेरिकेचा आश्रय घेतला आणि पुढे बेअर तेथे टीव्हीच्या तंत्राचे अभियंते झाले. टीव्हीतच एखादा खेळ घालावा, अशी सूचना त्यांनी १९५१ साली आपल्या वरिष्ठांना केली होती. ती कोणी मनावर घेतली नाही. पंधरा वर्षांनी, १९६६ च्या ऑगस्टअखेरीस, न्यू यॉर्कमध्ये एका सहकाऱ्याची वाट पाहत असताना ती कल्पना पुन्हा जागी झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चार पानांचे टिपण लिहून काढले.

टीव्ही संच मोठा आज्ञाधारक असतो. अँटेनाच्या तारेने जो संकेत येईल, त्याचे तो चित्र करतो. तो कोठून आला, याची चौकशी करीत नाही. बेअर यांनी बनविलेली पेटी म्हणजे एका घरापुरते प्रक्षेपण केंद्रच होते. अँटेनाची तार काढून पेटीची तार जोडली, की पडद्यावर पांढरे ठिपके उमटत आणि हातातील मूठ फिरवली, की ते हलू लागत. १९७२ साली ही पेटी ‘ओडिसी’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात आली. तिला आवाज नव्हता. गुण कागदावर मांडावे लागत आणि मैदान हवे असल्यास रंगीत पारदर्शक पान काचेवर चिकटवावे लागे! त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. घरोघरी ‘कॅसेट’ खोचून खेळण्याचे व्हिडिओ गेम आपल्याकडे आले ते मात्र १९९० नंतरच्या दशकात. आणि मुलांनी अँटेनाची तार काढली, की वडीलधाऱ्यांच्या बातम्या बंद पडत.

आता त्या कुबडात काय असते, ते पाहू. तेथे हवा काढून टाकलेली काचेची पिक्चर ट्यूब असते. तिच्या निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि काचेच्या आतील लेपावर जेथे आदळतो, तेथे क्षणभर प्रकाश पडतो. लिहिताना आपला हात ओळीच्या शेवटी जाऊन पुन्हा डावीकडे येतो, तसाच हा झोत फिरतो. आपल्याकडील जुन्या संचांत एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे असा हिशेब होता. म्हणजे पडद्यावर पूर्ण चित्र असे कधी नसतेच. धावणारा एक ठिपका असतो आणि चित्र आपले डोळे जुळवितात.

या ठिपक्याच्या चपळपणावर एक गमतीदार खेळ रचलेला होता. निंटेंडो या जपानी कंपनीच्या ‘डक हंट’ (१९८४) या खेळात खेळण्यातील बंदुकीने पडद्यावरची बदके टिपायची असतात. बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा बसविलेला असतो. चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार व मग उजेड दिसला, तरच नेम लागला असे ठरते. अंधाराची अट कशासाठी? बेअर यांच्या पेटीलाही बंदूक मिळे. पण ती खोलीतल्या दिव्यावर रोखली, तरी नेम लागे! चपट्या पडद्यावर मात्र ही जुनी बंदूक आंधळी होते. तो चित्र दाखविण्याआधी त्यावर संस्कार करतो. त्यात सेकंदाचा अगदी लहानसा अंश जातो, आणि बंदूक तेवढेही थांबत नाही.

म्हणूनच काही लोक जुन्या संचाची ट्यूब काढून त्या जागी चपटा पडदा बसवितात, ते मला पटत नाही. घरगुती टीव्हीसाठी अशा ट्यूब आता कारखान्यांत बनत नाहीत. एक फुटली, की एक कायमची गेली. शिवाय हे काम जिवावरचे आहे. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. रंगीत संचाच्या ट्यूबमध्ये तो सुमारे २५,००० व्होल्ट असतो आणि संच बंद करून वायर काढल्यावरही विजेचा भार तेथे टिकून राहू शकतो. काचेत शिसे असते. ती फुटली, तर तिचे तुकडे वेगाने उडतात. तेव्हा संचाचे मागचे झाकण मुलांनी कधीही काढू नये.

न उघडता करावयाची रीत सोपी आहे. २०१२ साली इंग्लंडमध्ये ‘रास्पबेरी पाय’ नावाचा, पत्त्याच्या पानाएवढा संगणक विक्रीस आला. जुन्या टीव्हीलाही जोडता यावा, अशी सोय त्यात मुद्दाम ठेवलेली होती. त्यात खेळ भरायचे आणि त्याची चित्राची तार संचाच्या पिवळ्या छिद्रात खोचायची. फार जुन्या संचाला ते छिद्र नसते. तेथे मधे मॉड्युलेटर नावाची लहानशी डबी लागते. ती चित्राला वाहिनीच्या लहरींवर चढविते आणि पुन्हा अँटेनाच्या वाटेनेच आत पाठविते. मग वाहिनीची कळ सावकाश फिरवीत राहायचे. आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात, मग वाकडीतिकडी आकृती डोकावते, आणि कळ नेमक्या जागी आली, की चित्र स्थिर उभे राहते.