विमानाचे इंधन आणि कढईतले तेल

सायंकाळी घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर उभे राहिले की धावपट्टीकडे उतरणारी विमाने डोक्यावरून जाताना दिसतात. खाली खाऊगल्लीत कढया तापलेल्या असतात. या दोहोंचा परस्परसंबंध कोणी सांगितला असता, तर काही वर्षांपूर्वी तो थट्टेवारी गेला असता. आज तो शासकीय धोरणाचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ साली एक, २०२८ साली दोन आणि २०३० साली पाच टक्के जैव इंधन मिसळण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने बनविलेल्या अशा इंधनाचे मिश्रण घेऊन मे २०२३ मध्ये एक प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीस गेले. वापरलेल्या खाद्यतेलापासून हे इंधन करण्याचे प्रमाणपत्र इंडियन ऑइलच्या पानिपत कारखान्यास २०२५ मध्ये मिळाले.

असे मिश्रण भरवशाचे असते काय, हा प्रवाशाच्या मनातील पहिला प्रश्न. विमानात इंधन केवळ जळत नाही. इंजिनातील वंगणतेलाची उष्णताही तेच शोषून घेते. तापलेल्या इंधनात विरघळलेल्या प्राणवायूमुळे राळेसारखा चिकट पदार्थ निर्माण होतो आणि त्याचे थर झडपांवर व फवारणीच्या तोट्यांवर बसतात. कढईच्या काठावरचा तपकिरी थर ज्या गृहिणीने घासला आहे, तिला हे निराळे सांगावयास नको. म्हणूनच २६० अंश सेल्सियसला तापविलेल्या नळीवरून अडीच तास इंधन वाहू देऊन तिच्यावर पडणारा डाग तपासतात.

या कसोटीस जैव इंधन कमी पडेल, हा समज मात्र चुकीचा आहे. हायड्रोजनच्या प्रक्रियेत तेलातील प्राणवायू निघून जातो आणि मिळणारे इंधन उष्णतेस बहुधा अधिकच टिकते. अडचण निराळीच आहे. खनिज इंधनातील गंधकाची काही संयुगे साठवणुकीत त्याचे स्वाभाविक रक्षण करतात. या शुद्ध इंधनात तीच नसतात. सबब कारखान्यातच त्यात ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य मिसळावे लागते. रबरी सीलांना आवश्यक असे सुगंधी हायड्रोकार्बनही त्यात जवळजवळ नसल्याने मिश्रणाची कमाल मर्यादा निम्म्यावर ठेवलेली आहे. बायोडिझेलची गोष्ट याहून वेगळी. त्यात प्राणवायू शिल्लक असतो; म्हणून सामाईक वाहिनीतून वा टँकरमधून त्याचा अंश आलाच, तर विमान इंधनात किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच तो चालतो.

तात्पर्य, विज्ञानाने मार्ग दाखविलेला आहे. प्रश्न शिस्तीचा आणि म्हणूनच अर्थशास्त्राचा आहे. ज्या मालाची प्रत विकणारास ठाऊक असते पण घेणारास दिसत नाही, त्या बाजारात वाईट माल चांगल्यास हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखवून दिले. जुन्या तेलाचा बाजार नेमका असा आहे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे पंचवीस टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. परंतु संकलकाने भाव कमी दिला, तर ते काळे तेल एखाद्या हातगाडीवर परत जाईल आणि त्याची किंमत गरीब गिऱ्हाईक प्रकृतीने मोजील. भाव ताज्या तेलाहून चढला, तर ताजे तेलच जुने म्हणून विकले जाईल. मग खाद्यतेल आयात करणाऱ्या या देशाने साधले काय?

तेव्हा टक्केवारीच्या तारखा जाहीर करून भागणार नाही. उपनगरांत संकलन केंद्रे हवीत, तेथे तेलाची तपासणी होऊन प्रतीनुसार भाव मिळावा आणि प्रत्येक साठ्याच्या चाचणीचा निष्कर्ष लोकांसमोर यावा. याचा खर्च परदेशी जाणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावर पडावा, हेच न्याय्य. आकाश स्वच्छ ठेवण्याचे मोल वडापाव खाऊन कामावर जाणाऱ्याच्या माथी मारू नये, एवढे भान धोरणकर्त्यांनी ठेवावे.